नेम, नजर आणि वय



आपल्या समाजातल्या ज्येष्ठ मंडळींपैकी पुष्कळांच्या हातात कधी ना कधी बंदूक आलेली आहे. कुणी मुंबईत कॉलेजात असताना एन.सी.सी.मध्ये पॉइंट टू टू रायफल चालवली, कुणी इथे आल्यावर सैन्यात आणि मग वर्षानुवर्षं मिलुइममध्ये, तर कुणी मिशमार एझराखीच्या रात्रपाळीत कार्बाईन खांद्याला लावून वस्तीत फेऱ्या मारल्या. त्यातल्या काहींना निशाण्याची गोडी लागली ती कायमचीच. आठवड्यातून एकदा मितवाखला जायचं, चाळीस-पन्नास गोळ्या किंवा छर्रे मारायचे, मित्रांबरोबर कॉफी प्यायची आणि कागदाचं टार्गेट घडी करून घरी आणायचं. माझ्या घरच्या फ्रिजवर अशी टार्गेटं कितीतरी वर्षं चिकटवलेली असायची, म्हणून मला हे जग जवळून माहीत आहे. मी स्वतः नेमबाज नाही. मी नर्स. मुंबईत नर्सिंगचा डिप्लोमा केला, इथे येऊन निवृत्तीपर्यंत काम केलं, त्यातली बरीच वर्षं डोळ्यांच्या विभागात गेली.

या मंडळींची साठी-सत्तरीनंतरची तक्रार बहुतेक एकाच वाक्यात असते: "बंदूक तीच आहे, हात स्थिर आहे, पण पुढची साईट धूसर दिसते." मग कुणी बंदुकीला दोष देतो, कुणी नव्या गोळ्या आणतो, कुणी शौकच सोडून देतो. मला वाटतं, सोडण्याआधी डोळ्यात नेमकं काय होतंय ते समजून घ्यावं. काही गोष्टींवर अगदी सोपा, स्वस्त उपाय आहे. काहींवर नाही, आणि तिथे वेळ घालवला तर नजर कायमची जाते. या दोन्हींतला फरक कळावा म्हणून हे लिहिते आहे.

आधी डोळ्याचं काम पाहू. नेम धरताना डोळ्यासमोर तीन वस्तू असतात: हाताजवळची मागची साईट, नळीच्या टोकाची पुढची साईट, आणि लांब असलेलं टार्गेट. तिन्ही वेगवेगळ्या अंतरावर. डोळा कितीही तरुण असला तरी एका वेळी एकाच अंतरावर नीट जमतो. तरुण डोळा मात्र या तिघांवरून इतक्या झटकन फिरतो की तिन्ही एकदम स्पष्ट दिसतात असं वाटतं. हे फिरणं डोळ्यातल्या भिंगाच्या लवचिकपणावर चालतं. चाळिशीनंतर ते भिंग कडक व्हायला लागतं, म्हणून तर त्याला आपण चाळीशी म्हणतो. साठीपर्यंत त्याचा लवचिकपणा जवळजवळ संपलेला असतो. म्हणजे डोळा एका जागी अडकलेल्या कॅमेऱ्यासारखा होतो. लांबचं दिसतं, जवळचं नाही.

दुसरी गोष्ट उजेडाची. वय वाढलं की डोळ्याची बाहुली लहान होते आणि अंधारातही पूर्वीसारखी मोठी होत नाही, शिवाय भिंग पिवळसर होतं. साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच उजेड पोहोचतो. म्हणून तळघरातल्या बंद मितवाखात नातवाला सगळं लख्ख दिसतं आणि आजोबांना काळ्यावर काळं. आजोबा कुरकुर करतात असं नातवाला वाटतं, पण ते खरं बोलत असतात.

आता प्रश्न असा की तिघांपैकी एकच वस्तू स्पष्ट दिसणार असेल तर कोणती निवडायची? नवखा माणूस म्हणेल टार्गेट. जुने उस्ताद म्हणतात पुढची साईट, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. दहा मीटरच्या एअर पिस्तुलाचं उदाहरण घेऊ. त्याच्या दोन साईट्समधलं अंतर सुमारे पस्तीस सेंटिमीटर धरा. पुढची साईट मागच्या खाचेत फक्त १ मिलिमीटर बाजूला सरकली तर दहा मीटरवर छर्रा जवळजवळ २९ मिलिमीटर बाजूला जातो. त्या टार्गेटवर दहाच्या गोलाचा व्यास ११.५ मिलिमीटर आहे. म्हणजे दहा गुणांचे सात झाले, तेही १ मिलिमीटरच्या चुकीमुळे, जी साईट धूसर असेल तर दिसणारच नाही. उलट टार्गेटचा काळा गोल धूसर दिसला तरी फारसं बिघडत नाही, कारण धूसर गोलाचा मध्य मेंदू बरोबर शोधतो. तेव्हा टार्गेट अंधुक चालेल, साईट नको. ही गोष्ट कळली की अर्धी लढाई जिंकली, कारण पुढचे सगळे उपाय याच एका गोष्टीसाठी आहेत.

पहिला उपाय चष्म्याचा, आणि इथेच सर्वांत जास्त घोटाळा होतो. आपल्यापैकी बहुतेकांकडे मल्टिफोकल चष्मा असतो, वर लांबचं, खाली वाचायचं, मध्ये मधलं. बाजारहाट करायला उत्तम. पण नेम धरताना पुढची साईट मधल्या पट्टीत आणायला मान मागे टाकावी लागते, आणि प्रत्येक वेळी मान वेगळ्या कोनात गेली की नेमही वेगळा. मान आखडते ती वेगळीच. नेमबाजीसाठी एकाच नंबराची, संपूर्ण काच एकसारखी असलेली वेगळी जोडी करून घ्यावी. महागडी फ्रेम नको. साधी चालते, फक्त काच पॉलिकार्बोनेटची असू द्या, कारण ती सहजासहजी फुटत नाही आणि तिचं पहिलं काम डोळा वाचवण्याचं आहे. छर्रा लोखंडी पट्टीवर आपटून परत येतो तेव्हा तो वय विचारत नाही.

नंबर कोणता? डोळ्यापासून पुढच्या साईटपर्यंतचं अंतर कुणाकडून तरी मोजून घ्या. हे मितवाखातच करा, बंदूक रिकामी आहे हे दोघांनी पाहून, दोरी धरून. दोरीला गाठ मारा आणि ती दोरी चष्म्याच्या दुकानात न्या. बंदूक नेऊ नका! (हसू नका, एका गृहस्थांनी तसा विचार बोलून दाखवला होता.) पिस्तूल हात लांब करून धरलं तर हे अंतर बहुतेकांचं सत्तर सेंटिमीटरच्या आसपास भरतं, रायफलमध्ये जरा जास्त. एक भागिले मीटरमधलं अंतर, एवढाच चष्म्याचा हिशोब आहे. सत्तर सेंटिमीटरला साधारण १.४ नंबर येतो. पण तो सगळाच लांबच्या नंबरात मिळवला तर साईट कोरून काढल्यासारखी दिसते आणि टार्गेट पार विरघळून जातं. म्हणून अनुभवी लोक साधारण निम्मा मिळवतात: पिस्तुलासाठी लांबच्या नंबरात +०.७५, भोकाच्या साईटच्या रायफलसाठी +०.५०. म्हणजे तुमचा लांबचा नंबर –२.०० असेल तर पिस्तुलाची काच –१.२५ ची, आणि लांबचा +१.०० असेल तर +१.७५ ची. चष्मेवाल्याला सांगा की आधी चाचणीच्या फ्रेममध्ये काचा घालून दाखव. दोरीच्या गाठीइतक्या अंतरावर पेन्सिलचं टोक धरा, दुकानाच्या टोकाला काळा गोल लावा आणि दोन्ही बघा. ज्या काचेत पेन्सिलचं टोक धारदार आणि गोल चालण्याइतका दिसेल ती तुमची काच. पाव नंबर इकडे-तिकडे होईलच, डोळे काही पुस्तकाप्रमाणे नसतात.

रायफलवाल्यांसाठी आणखी एक बारकावा. रायफलच्या बटावर गाल टेकला की आपण चष्म्याच्या मधोमध नाही, तर नाकाकडच्या वरच्या कोपऱ्यातून बघतो. मोठ्या नंबराच्या काचेत त्या कोपऱ्यात चित्र पुसट आणि सरकलेलं दिसतं. नेमबाजीच्या खास फ्रेममध्ये काच पुढे-मागे, वर-खाली सरकवून डोळ्यासमोर आणता येते. ती फ्रेम महाग असते, पण ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांनी त्यावरच पैसे घालावेत, नव्या बंदुकीवर नाही.

आणि एक नर्स म्हणून सांगते, या चष्म्याने जिने उतरू नका, गाडी तर मुळीच चालवू नका. त्यात पायरी जवळ आल्यासारखी दिसते. आमच्या वॉर्डात खुब्याचं हाड मोडून आलेल्या किती जणांनी नुकताच चष्मा बदलला होता, ते मी पाहिलेलं आहे. मितवाखाच्या टेबलावरच त्याची डबी ठेवा.

दुसरा उपाय फुकटचा आहे आणि आत्ता घरी करून बघता येतो. एका जाड कागदाला सुईने बारीक भोक पाडा. चष्मा काढा, ते भोक डोळ्याजवळ धरून वर्तमानपत्र वाचून बघा. अक्षरं जरा काळसर पण स्पष्ट दिसतील. बारीक भोकातून फक्त सरळ येणारे किरण आत जातात, त्यामुळे धूसरपणा कमी होतो आणि जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी दिसतं. रायफलच्या मागच्या भोकाच्या साईटचं रहस्य हेच. पिस्तुलासाठी चष्म्याच्या काचेवर बसवायची लहानमोठी होणारी चकती मिळते. भोक जितकं बारीक तितकं स्पष्ट, पण तितकाच अंधार, आणि आपल्या वयाला उजेड आधीच कमी. म्हणून भोक थोडं मोठं ठेवा आणि टार्गेटवर चांगला प्रकाश मागा. स्पर्धेत उतरणार असाल तर कोणती चकती चालते ते आधी विचारून घ्या. केवळ शौकासाठी जाणाऱ्याला कुणी अडवत नाही.

एक डोळा मिटून नेम धरायची सवय आपल्या पिढीला आहे, एन.सी.सी.च्या हवालदाराने लावलेली. ती सोडता आली तर सोडा. एक डोळा घट्ट मिटला की चेहऱ्याचे स्नायू ताणले जातात, उघड्या डोळ्याच्या पापणीवरही ताण येतो आणि दहा मिनिटांत डोळा थकतो. त्यापेक्षा दुसऱ्या डोळ्यासमोरच्या काचेवर दुधी चिकटपट्टी लावा. काळी नको, दुधीच, म्हणजे दोन्ही डोळ्यांना सारखा उजेड मिळतो. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानच्या युसुफ दिकेच यांचा फोटो जगभर फिरला, तो आठवत असेल: एक हात खिशात, साधा चष्मा, दोन्ही डोळे उघडे. ५१ व्या वर्षी त्यांनी मिश्र सांघिक एअर पिस्तुलात रौप्यपदक घेतलं. त्याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले गेले, इस्रायलचा काही संबंध नसताना.

साईट बदलणं हा तिसरा मार्ग. दुर्बीण किंवा लाल ठिपक्याची साईट लावली की तीन अंतरांची भानगड संपते, कारण खूण आणि टार्गेट एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. ज्यांना स्पर्धा करायची नाही त्यांनी यात कमीपणा मानू नये. पण ठिपक्याबद्दल एक सूचना. पुष्कळांना तो गोल दिसत नाही, शेपटी फुटलेला किंवा चांदणीसारखा पसरलेला दिसतो, आणि ते दुकानदाराशी भांडायला जातात. मोबाईलच्या कॅमेऱ्यातून त्याच ठिपक्याकडे बघा. कॅमेऱ्यात गोल दिसला तर दोष तुमच्या डोळ्यातल्या आडव्या-उभ्या नंबराचा आहे, त्याचा नंबर चष्म्यात घालून घ्या. दुर्बिणीत मागच्या टोकाची कडी फिरवून आधी आतली रेघ स्पष्ट करायची असते, हेही बरेच जण करत नाहीत. आणि जोराचा धक्का देणाऱ्या रायफलवर दुर्बिणीच्या फार जवळ डोळा नेऊ नका, भुवईवर टाके पडतात.

नेम किती वेळ धरायचा? वयाबरोबर हा वेळ कमी करायला हवा. एकाच ठिकाणी टक लावून पाहिलं की डोळ्याला ते चित्र फिकट दिसायला लागतं. त्यात आपण श्वास रोखलेला, पापणी न हलवलेली, आणि म्हातारपणी डोळे कोरडे. सहा-आठ सेकंदांत गोळी सुटली नाही तर बंदूक खाली करा, दोन-तीन वेळा पापण्या मिटा, लांब भिंतीकडे बघा आणि पुन्हा उचला. बंद मितवाखात एअर कंडिशनचा झोत तोंडावर येत असेल तर जागा बदलून मागा. कोरड्या डोळ्यांसाठी कृत्रिम अश्रूंचे थेंब मिळतात, ते नेमबाजीच्या पाव तास आधी घाला, ऐन वेळी नको, कारण थेंब घातल्याबरोबर काही वेळ सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. पिवळ्या काचा ढगाळ दिवशी बऱ्या वाटतात, पण त्या उजेड वाढवत नाहीत. गडद काचा नेगेवच्या उन्हात ठीक, आत मुळीच नकोत.

इथपर्यंत वयाच्या साध्या गोष्टी झाल्या. आता आजारांकडे येते, आणि इथे जरा सावकाश वाचा.

मोतीबिंदू म्हणजे भिंग गढूळ होणं, अंड्यातलं पांढरं शिजल्यावर जसं पारदर्शक राहत नाही तसं. रंग फिके होतात, समोरून येणारा दिवा पसरतो, उन्हात टार्गेट धुक्यात गेल्यासारखं वाटतं. चष्मा बदलून हे जात नाही, ऑपरेशनने जातं, आणि ते ऑपरेशन आता फार सुरळीत होतं. पण ऑपरेशनच्या आधी डॉक्टरला तीन गोष्टी आपणहून सांगा. एक, मी नेमबाजी करतो आणि अमुक डोळ्याने नेम धरतो. आत बसवायचं भिंग कोणत्या अंतरासाठी घ्यायचं ते यावर ठरतं. अनेक अंतरांचं भिंग चष्मा सोडवतं हे खरं, पण त्यात काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा कमी होतो आणि दिव्याभोवती वलयं दिसू शकतात. नेमबाजाने त्यावर विचार करून मगच हो म्हणावं. दोन, लघवीच्या त्रासासाठी, प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिनची गोळी घेत असाल किंवा पूर्वी घेतली असेल तर तेही सांगा. त्या गोळीने डोळ्याचं बुबुळ सैल पडतं आणि ऑपरेशनमध्ये अडचण येऊ शकते. सर्जनला आधी कळलं तर तो तयारी ठेवतो. आपले पुरुष हे सांगायला लाजतात. प्रोस्टेटचा डोळ्याशी काय संबंध, असं म्हणतात. आहे संबंध. तीन, धक्का देणारी बंदूक पुन्हा कधी हातात घ्यायची ते विचारा, आणि सांगतील तितकं थांबा.

काचबिंदू हा गुपचूप येणारा आजार. दुखत नाही, मधली नजर शेवटपर्यंत चांगली राहते, त्यामुळे नेम लागत राहतो आणि माणसाला वाटतं डोळे ठणठणीत आहेत. जाते ती बाजूची नजर. मितवाखात बाजूची नजर म्हणजे शेजारच्या खणातला माणूस, मागून पुढे आलेला एखादा मुलगा, हात वर करणारा प्रशिक्षक. म्हणून कुपत खोलीममध्ये डोळ्याचा दाब आणि मागची नस तपासून घ्या, घरात कुणाला काचबिंदू असेल तर नक्कीच. औषधाबद्दल एक माहिती, जी डॉक्टरसुद्धा सहसा सांगत नाहीत: टिमोलोलचे थेंब बीटा ब्लॉकर या गटातले आहेत, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही. हात कमी थरथरतो म्हणून नेमबाजीच्या स्पर्धांत या गटावर बंदी आहे. शौकासाठी खेळणाऱ्याला काही अडचण नाही. पण ज्येष्ठांच्या अधिकृत स्पर्धेत नाव घालणार असाल तर आधी परवानगीचा अर्ज करा. स्पर्धेसाठी थेंब बंद करणं हा मात्र शुद्ध वेडेपणा.

मधुमेहवाल्यांना एकच सांगते: साखर वरखाली होत असताना चष्मा करू नका. साखरेबरोबर भिंगाचा नंबरही बदलतो, आणि दोन आठवड्यांनी तो चष्मा निरुपयोगी. पडद्याची तपासणी मात्र वर्षातून एकदा चुकवू नका.

सगळ्यात जास्त मला लिहायचं आहे ते माकुलाच्या झिजेबद्दल. माकुला म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण वाचतो, चेहरे ओळखतो आणि नेम धरतो. वयाबरोबर तो झिजतो. कोरड्या प्रकारात सावकाश, वर्षानुवर्षं. ओल्या प्रकारात मात्र पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या फुटतात आणि नजर काही आठवड्यांत जाऊ शकते. ओल्या प्रकारावर डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आहेत. ऐकून अंगावर काटा येतो, पण डोळा आधी बधिर करतात, आणि वेळेवर सुरू केली तर नजर पुष्कळदा टिकते. उशीर झाला तर पडद्यावर व्रण राहतो आणि तो कशानेच जात नाही.

आमच्या नात्यातले एक मोठे भावजी चांगले नेमबाज. त्यांची टार्गेटं मी पाहत असे. सगळे छर्रे एका शेकेलच्या नाण्याखाली झाकले जावेत असे. एका हिवाळ्यात ते विखुरले, मग एका बाजूला सरकायला लागले. त्यांनी साईट दोनदा बदलून घेतली. काळ्या गोलाची एक कड आत दबल्यासारखी दिसते, हे त्यांना कळत होतं, पण ते कुणाला बोलले नाहीत. कारण डोळ्याचं नव्हतंच, कारण कागदाचं होतं. पिस्तुलाच्या रिश्योनसाठी आरोग्याच्या निवेदनावर डॉक्टरची सही लागते. डोळ्याच्या डॉक्टरकडे गेलो की फाईलमध्ये नोंद होईल, सही मिळणार नाही, पिस्तूल जमा करावं लागेल, मग लोक काय म्हणतील. चार महिने असे गेले. शेवटी वहिनींनी त्यांना सुईत दोरा ओवताना पाहिलं, दोरा सुईच्या बाजूला चाललेला, आणि हाताला धरून तपासायला नेलं. उजव्या डोळ्याचा मध्य तोवर गेला होता. वर्षाभराने डाव्या डोळ्यात तेच सुरू झालं, पण त्या वेळी ते तिसऱ्या दिवशी डॉक्टरकडे होते, आणि तो डोळा आजही वाचतो.

ही भीती त्यांच्या एकट्याची नाही. मी विचारलं तर तुमच्यातल्या किती जणांना ती आहे ते मला माहीत आहे. म्हणून स्पष्ट बोलते. परवाना गेला तर एक पिस्तूल जातं. ते घरात ठेवायचं कारण तसंही या वयात पुन्हा तपासून पाहण्यासारखं असतं. क्लबातली नेमबाजी ही वेगळी गोष्ट आहे: तिथे बंदूक क्लबाची असते, शेजारी प्रशिक्षक उभा असतो, आणि ती पुढेही चालू राहू शकते. पण ज्या डोळ्याला टार्गेटमागे काय आहे ते दिसत नाही, त्याने स्वसंरक्षणासाठी पिस्तूल कमरेला लावून बाजारात फिरणं मला मान्य नाही, कुणीही कितीही रागावलं तरी.

घरी तपासायची रीत अशी. नातवंडांची गणिताची चौकटीची वही घ्या, एका पानाच्या मधोमध ठळक ठिपका काढा. वाचायचा चष्मा लावा, वही वाचायच्या अंतरावर धरा, एक डोळा हाताने झाका आणि दुसऱ्याने फक्त ठिपक्याकडे बघा. रेघा सरळ दिसल्या पाहिजेत, सगळ्या चौकटी दिसल्या पाहिजेत. मग दुसरा डोळा. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी. दोन्ही डोळे उघडे ठेवून केलं तर उपयोग नाही, कारण चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून घेतो, भावंडांसारखा. रेघ वाकडी, तुटकी दिसली किंवा मध्ये डाग दिसला तर त्याच आठवड्यात डॉक्टर. आणि डोळ्यासमोर अचानक विजा चमकल्यासारखं झालं, काळ्या माशांचा थवा आला किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखं वाटलं तर आठवडा नाही, त्याच दिवशी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात. तो पडदा सुटण्याचा इशारा असतो.

नेमबाजांना आणखी एक सोय आहे, जी इतरांना नाही. तुमचं टार्गेट दर आठवड्याला तुमची परीक्षा घेतच असतं. त्यावर तारीख घाला आणि जपून ठेवा. छर्रे कारणाशिवाय पसरायला किंवा एकाच बाजूला जायला लागले तर साईट फिरवायच्या आधी डोळा तपासा.

नेमाचा डोळाच गेला तर? बाजू बदलता येते. हंगेरीचे कारोली टाकाच यांचा उजवा हात १९३८ मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. ते डाव्या हाताने शिकले आणि १९४८ व १९५२ अशा दोन ऑलिंपिकमध्ये त्यांनी सुवर्णपदक मिळवलं. त्यांचा प्रश्न हाताचा होता, आपला डोळ्याचा, पण शरीराला शिकवायची गोष्ट तीच. आमच्या भावजींनी पंचाहत्तरीत डाव्या खांद्याला एअर रायफल लावायला सुरुवात केली. पहिले तीन महिने चिडचिड, मग जमलं. पिस्तूल मात्र त्यांनी आपणहून जमा केलं. वयाचं म्हणाल तर स्वीडनचे ऑस्कर स्वान यांनी १९१२ साली ६४ व्या वर्षी ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं आणि १९२० साली ७२ व्या वर्षी रौप्य. उत्तर प्रदेशातल्या जोहरी गावच्या चंद्रो तोमर आजींनी तर साठी उलटल्यावर पहिल्यांदा पिस्तूल हातात धरलं, डोक्यावरचा पदर सांभाळत.

आणि दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेलेल्यांसाठीही एक प्रकार आहे. एअर रायफलवर असं यंत्र बसवतात की टार्गेटवर नेम येईल तसा हेडफोनमध्ये सूर चढत जातो. जितका मध्याजवळ, तितका उंच सूर. माणूस कानाने नेम धरतो, शेजारी मदतनीस उभा असतो. जगात याच्या रीतसर स्पर्धा होतात. ज्यांचे कान अजून शाबूत आहेत त्यांनी आपल्या जवळच्या क्लबात किंवा अपंगांच्या खेळाच्या केंद्रात असं यंत्र आहे का ते विचारावं. नसलं तर निदान इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलेला खण मागावा. त्यात छर्रा कुठे लागला ते शेजारच्या पडद्यावर मोठं करून दिसतं, आणि दर वेळी दुर्बिणीला डोळा लावायला वाकावं लागत नाही. पाठदुखीवाल्यांनाही ते बरं पडतं.